नीटनंतरचे महाविद्यालय: नाव पाहावे, शुल्क पाहावे की रुग्णालय?

जिज्ञासू_पालक

माझी मुलगी यंदा बारावीला असून मे महिन्यात नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, देणार आहे. राज्य मंडळाचे कनिष्ठ महाविद्यालय आणि सोबत शिकवणी, असा तिचा दिनक्रम आहे. सराव चाचण्यांत जीवशास्त्र चांगले जाते, रसायनशास्त्र मध्यम आणि भौतिकशास्त्रात मात्र घसरण होते. घरात आतापासूनच दोन तट पडले आहेत. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की शासकीय जागा कुठेही मिळाली, अगदी गडचिरोलीला किंवा सिंधुदुर्गला, तरी ती घ्यावी. आजोबांना वाटते की मुलीला लांबच्या नव्या महाविद्यालयात पाठवण्यापेक्षा जवळचे खासगी बरे, आणि तेही न जमल्यास एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी. आमच्यात कोणीही डॉक्टर नाही, त्यामुळे महाविद्यालय चांगले म्हणजे नेमके काय, हेच आम्हाला ठरवता येत नाही. उरलेल्या महिन्यांत तयारी कशी करावी आणि निवड कोणत्या निकषावर करावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

स्पष्टवक्ता

निवडीची चर्चा निकालानंतर करावी, असे माझे मत आहे. आज 'पाचशे गुणांना कोणते महाविद्यालय मिळेल' या प्रश्नाला काहीही अर्थ नाही. २०२४ साली ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे अनेक जण होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ गुणांवर होती. २०२५ साली भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना घाम फोडला, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते आणि पात्रता १४४ वर आली. त्यामुळे मागच्या वर्षीचे गुणांचे कटऑफ पाहून हुरळूनही जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. तुलना करायचीच असेल, तर अखिल भारतीय क्रमांकाची किंवा राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांकाची, म्हणजे ज्याला सगळे एसएमएल म्हणतात त्याची, करावी. पात्र होणे आणि जागा मिळणे यांतही मोठे अंतर असते, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलेले बरे; पेढे वाटून झाल्यावर सांगणे अवघड जाते.

नाडीपरीक्षा

स्पष्टवक्ता यांच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत नाही. निकालानंतर पसंतीक्रम भरायला मोजकेच दिवस मिळतात आणि त्या धांदलीत माणसे शेजाऱ्याने सांगितलेल्या क्रमाने महाविद्यालये भरून मोकळी होतात. मी शासकीय महाविद्यालयात शिकलो आणि पुढे काही वर्षे तिथे शिकवलेही, त्या आधारावर लिहितो.

वैद्यकीय महाविद्यालय निवडायचे म्हणजे खरे तर रुग्णालय निवडायचे असते. एमबीबीएस हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप), असा साडेपाच वर्षांचा मामला आहे. त्यातले पहिले वर्ष शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांत जाते. ते पुस्तकांवर, विच्छेदनगृहावर आणि बऱ्या शिक्षकांवर कुठेही निभावते. पुढची वर्षे मात्र वॉर्डात काढायची असतात, आणि वॉर्डात रुग्णच नसतील तर कितीही चकचकीत व्याख्यानगृह असले तरी विद्यार्थ्याला फुफ्फुसातला आवाज पुस्तकातच ऐकावा लागतो.

हे तपासणे अवघड नाही. एखाद्या सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या रुग्णालयात जाऊन केसपेपरच्या खिडकीजवळ अर्धा तास उभे राहावे. रांग किती लांब आहे, कोणत्या विभागाकडे किती माणसे वळत आहेत, हे दिसते. मग दुपारी मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांच्या दारातून नजर टाकावी. खाटांशेजारच्या कपाटांवर डबे, पाण्याच्या बाटल्या, नातेवाइकांच्या पिशव्या दिसल्या, तर वॉर्ड खरा आहे. खाटा भरलेल्या आहेत पण एकाही खाटेशेजारी नातेवाईक नाही, असे दृश्य दिसले, तर त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. १५० जागांच्या महाविद्यालयाला ६०५ खाटा असाव्यात, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा निकष आहे. कागदावर तो सगळीकडेच पूर्ण झालेला असतो, म्हणून प्रत्यक्ष पाहणे महत्त्वाचे. प्रसूती विभाग आणि अपघात विभाग रात्री चालू असतात का, हे बाहेरच्या औषधाच्या दुकानात विचारले तरी कळते.

आता थोडे विरुद्ध बाजूचेही सांगतो. रुग्णसंख्या प्रचंड म्हणजे शिक्षण उत्तम, असे सरळ समीकरण नाही. मुंबईतील केईएम, नायर किंवा सायन, पुण्याचे ससून आणि नागपूरचे मेडिकल या ठिकाणी जे आजार दिसतात, ते अन्यत्र वर्षानुवर्षे दिसणार नाहीत. पण तिथे पदव्युत्तर निवासी डॉक्टरही भरपूर असतात, आणि आंतरवासीयाच्या वाट्याला अनेकदा रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे आणि अहवालांमागे धावणे एवढेच येते. याउलट सोलापूर, मिरज, अंबाजोगाई यांसारख्या जुन्या पण महानगराबाहेरच्या महाविद्यालयांत रुग्णही असतात आणि काम करायला हातही मिळतो. प्रसूती स्वतःच्या हातांनी करणे आणि ती सहाव्या रांगेतून पाहणे यांत जो फरक आहे, तो पुढे एकट्याने रात्रपाळी करायची वेळ आली की कळतो. एमबीबीएसपुरते बोलायचे, तर या मधल्या फळीतील महाविद्यालयांना आपल्याकडे उगाचच खालचे मानतात, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे आणखी वेगळे प्रकरण. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ते ग्रामीण आरोग्य डोळ्यांपुढे ठेवून सुरू केले आणि खेड्यातल्या कामाची शिस्त तिथे अजूनही अंगवळणी पाडली जाते. ज्यांना खादी आणि आश्रमाचे वातावरण जाचक वाटेल, त्यांनी तिथे जाऊ नये. ज्यांना ते भावेल, त्यांना ते आयुष्यभर पुरते.

वसतिगृह_खोली

काकू, मी राज्यातील एका नव्या शासकीय महाविद्यालयात शिकतो, म्हणून आजोबांच्या शंकेबद्दल लिहितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांत मुंबई, नाशिक, अमरावती, जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली आणि अंबरनाथ ही ठिकाणे आहेत. त्याआधीही सिंधुदुर्ग, अलिबाग, सातारा, परभणी अशी भर पडलीच होती. यांपैकी अनेक महाविद्यालये आधीच्या जिल्हा रुग्णालयाला जोडून चालतात, त्यामुळे रुग्णांची वानवा नसते. अडचण वेगळीच असते. इमारत पूर्ण झालेली नसते, वसतिगृह भाड्याच्या जागेत असते, काही विषयांना प्राध्यापक बदलीवर येतात आणि मुदत संपली की जातात. विच्छेदनासाठी एका मृतदेहाभोवती किती विद्यार्थी उभे राहतात, हे पहिल्याच आठवड्यात समजते. आमच्याकडे मागे उभे राहणाऱ्याला पुढच्याच्या खांद्यांवरून पाहावे लागत होते. पहिल्या तुकडीला सीनियर नसतात, म्हणजे रॅगिंगची भीती नसते आणि तयार नोट्सही नसतात. ज्याला स्वतःहून पुस्तक उघडून बसायची सवय आहे, त्याचे इथे काही अडत नाही. ज्याला सतत कोणीतरी हाकावे लागते, त्याने जुने महाविद्यालय वर ठेवावे. मुलींच्या वसतिगृहापासून रुग्णालयापर्यंत रात्री चालत यायचा रस्ता कसा आहे, हे मात्र काकू, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहावे. संकेतस्थळावर ते कळणार नाही.

तयारीबद्दल थोडेसे. १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे, बाकीचे दोन्ही विषय प्रत्येकी ४५. म्हणजे निम्मे गुण जीवशास्त्राला आहेत आणि दोघांचे एकूण गुण समान झाले, तर आधी जीवशास्त्राचेच गुण पाहिले जातात. राज्य मंडळाच्या मुलांची नेहमीची चूक म्हणजे मंडळाचे पुस्तक पाठ करून एनसीईआरटी, म्हणजे केंद्रीय पाठ्यपुस्तक, 'नजरेखालून घालणे'. प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांवरून निघतात. उदाहरणार्थ, फाय एक्स १७४ या विषाणूत ५३८६ न्यूक्लिओटाइड, लॅम्डा विषाणूत ४८५०२ बेसजोड्या आणि ई. कोलाय जिवाणूत ४.६ दशलक्ष बेसजोड्या, हे पुस्तकात एकापाठोपाठ येणारे आकडे वाचताना निरुपद्रवी वाटतात आणि जोड्या लावायच्या प्रश्नात तेच आडवे येतात. आकृत्यांखालच्या ओळी आणि कंसांतली नावे यांचेही तसेच.

स्पष्टवक्ता

एनसीईआरटीचे पारायण सगळेच सांगतात, पण मुलीचा अडसर भौतिकशास्त्र आहे, हे वरच्या उत्तरात राहून गेले. जो विषय चांगला जातो, तोच पुन्हा पुन्हा वाचत बसणे ही या परीक्षेतली सगळ्यात गोड पळवाट आहे. बारावीच्या लेखी परीक्षा संपल्यापासून नीटपर्यंत जो काळ मिळतो, त्यात सकाळचा ताजा वेळ भौतिकशास्त्राच्या गणितांना द्यावा, आणि तोही सोडवलेली उदाहरणे वाचण्यात नव्हे, तर कोरा कागद पुढे ओढून स्वतः सोडवण्यात.

चाचणी दिल्यावर गुण पाहून वही मिटवू नये. चुकलेले प्रत्येक उत्तर तीन ढिगांपैकी एकात टाकावे: जे मुळात येतच नव्हते, जे येत होते पण ऐनवेळी आठवले नाही, आणि जे येत असूनही प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेले. तिसरा ढीग बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो, कारण 'खालीलपैकी चुकीचे विधान निवडा' यातला 'चुकीचे' हा शब्द घाईत डोळ्यांतून निसटतो आणि पहिलेच बरोबर विधान दिसले की हात गोल काळा करतो. या ढिगावरचा उपाय अधिक अभ्यास हा नसून प्रश्नातील त्या शब्दाखाली पेनाने रेघ मारण्याची सवय लावणे हा आहे, आणि ती चाचण्यांतच लावावी लागते.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, यावर शिकवण्यांमध्ये वाद चालतो. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, हा हिशेब मांडला, तर चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आल्यास उरलेल्या दोनांतून एक निवडणे सरासरीने दीड गुणाच्या फायद्याचे ठरते. एकही पर्याय बाद करता येत नसेल, तर कागदावर पाव गुणाचा फायदा दिसतो. प्रत्यक्षात मात्र अर्धवट आठवणाऱ्याला भुलवण्यासाठीच एखादा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून तिथे प्रश्न सोडून पुढे जाणे शहाणपणाचे.

जिज्ञासू_पालक

सर्वांचे मनापासून आभार. नाडीपरीक्षा यांचा प्रतिसाद आम्ही घरात मोठ्याने वाचला; आजोबांनी पुढच्याच सोमवारी जवळच्या खासगी रुग्णालयाच्या खिडकीजवळ उभे राहायचे ठरवले आहे! आता तीन शंका राहिल्या. ती मराठीतून शिकलेली आहे, तर प्रश्नपत्रिका मराठीतून मागावी का? एक वर्ष थांबण्याविषयी आपले मत काय? आणि आम्ही इतर मागासवर्गात येतो, तर कागदपत्रे व शुल्क यांचे नियम काय आहेत?

नाडीपरीक्षा

मराठी पुस्तिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते आणि तीत इंग्रजी प्रश्नही असतो. दोन्हींत तफावत आढळल्यास इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. तिने विज्ञान खरोखर मराठीतून वाचले असेल, तरच मागावी. शिकवणीतील सगळ्या चाचण्या इंग्रजीतून देऊन मुख्य परीक्षेत मराठी संज्ञा पहिल्यांदा वाचणे महागात पडते. एमबीबीएसचे शिक्षण इंग्रजीतून होते, पण त्याची धास्ती बाळगू नये; मराठी माध्यमाची मुले पहिल्या सहा महिन्यांत अडखळतात आणि नंतर रुग्णाशी बोलताना त्यांचेच पारडे जड होते.

थांबण्याविषयी माझे मत असे की पहिल्या प्रयत्नात कोणता ढीग मोठा होता, हे पाहून ठरवावे. अभ्यासक्रमच पूर्ण झाला नव्हता, आजारपण आले, बारावी आणि नीट यांची ओढाताण झाली, अशी ठोस कारणे असतील तर एक वर्ष दिल्याने क्रमांक सुधारतो. सगळे नीट वाचून, सगळ्या चाचण्या देऊनही जागा थोडक्यात नव्हे तर खूप लांब राहिली असेल, तर तेच वर्ष त्याच पद्धतीने पुन्हा घालवण्यात अर्थ नाही. दुसऱ्यांदा थांबण्याच्या मी विरोधात आहे, आणि याबाबत माझ्या शिकवणीवाल्या मित्रांशी माझे पटत नाही. लातूर काय आणि राजस्थानातले कोटा काय, शिकवण्यांच्या या गावांतली शिस्त ज्याला मानवते त्याला मानवते. घरापासून दूर खोलीत एकटे बसून जे मूल आतल्या आत कुढते, त्याला तिथे पाठवू नये.

कागदोपत्री

माझ्या दोन्ही मुलांचे प्रवेश मीच हाताळले, त्यामुळे हा भाग माझ्याकडे सोपवा.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते आणि ८५ टक्के राज्याचा सीईटी कक्ष भरतो. एम्स नागपूर आणि सर्व अभिमत विद्यापीठे एमसीसीकडे असतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासाठी नोंदणी एमसीसीवर होते, पुढे त्यांची स्वतःची चाचणी व मुलाखत असते आणि पदवीनंतर सैन्यदलातील सेवेचे बंधन असते. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे व अधिवास प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे.

इतर मागासवर्गासाठी जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र, ही तीनही हवीत. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करायला हवा. केला नसेल, तर हा प्रतिसाद वाचून झाल्यावर पहिले काम ते करावे, कारण पडताळणी समितीला नीटच्या वेळापत्रकाशी काही देणेघेणे नसते. अनेक जण अडकतात ते पुढच्या मुद्द्यावर: अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील स्वतंत्र ओबीसी प्रमाणपत्र लागते आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्राकडे नाही. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे वेगळे गटही तिथे नाहीत, त्यांतील ज्या जाती केंद्राच्या यादीत असतील, त्या ओबीसीत धरल्या जातात.

शुल्काबाबत इतकेच सांगतो की खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. अभिमत विद्यापीठांचे गणित वेगळे आणि बहुतेक वेळा बरेच चढे असते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. अभिमत विद्यापीठे आणि संस्थात्मक कोटा यांना ती लागू नाही. त्यामुळे 'जवळचे खासगी' हा आजोबांचा पर्याय शुल्कापायी सरसकट बाद करू नका, मात्र वसतिगृह, खानावळ आणि इतर आकार यांचा आकडा महाविद्यालयाकडून लेखी घ्या. शासकीय जागेबरोबर एक वर्षाची बंधपत्रित सेवा येते आणि ती न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात, हेही वडिलांच्या कानावर घाला.

जिज्ञासू_पालक

वैधतेचा अर्ज केलेला आहे, म्हणून जीव भांड्यात पडला. शेवटचा प्रश्न पसंतीक्रमाचा. वर मोठी महाविद्यालये भरली आणि ती मिळाली नाहीत, तर खालची मिळण्याची संधी कमी होते, असे शिकवणीतील एका पालकांनी सांगितले. हे खरे आहे का?

कागदोपत्री

अजिबात नाही, आणि या एका गैरसमजामुळे दरवर्षी चांगल्या क्रमांकाची मुले नको त्या महाविद्यालयात जातात. संगणक तुमच्या मुलीचा क्रमांक आला की तिच्या यादीतील पहिल्या नावापासून तपासत खाली येतो आणि त्या क्रमांकाला, त्या प्रवर्गात, जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल ती देतो. वरची पाच नावे हुकली, तरी सहाव्या नावासाठी ती स्वतःच्या क्रमांकानेच मोजली जाते. ज्यांचा क्रमांक तिच्या मागे आहे, त्यांनी ते महाविद्यालय पहिल्या पसंतीला टाकलेले असले तरी ते पुढे जात नाहीत. म्हणून 'मिळेल' त्या क्रमाने न भरता 'हवे' त्या क्रमाने भरावे, आणि जिथे मिळाले तरी जाणारच नाही, असे एकही नाव यादीत ठेवू नये.

पहिल्या फेरीत मिळालेली जागा पूर्ण पसंत असेल, तरच प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे हीच जागा कायम ठेवण्याचा, अर्ज भरावा, कारण तो भरला की राज्याच्या पुढील फेऱ्यांतून नाव बाहेर पडते. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली, तर आधीची जागा आपोआप जाते व परत मागता येत नाही. तेव्हा दुसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा एकदा शांतपणे वाचून, जी नावे हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस वाटत नाहीत, ती काढून टाकावीत. एमसीसी आणि राज्य या दोन्हींकडे नोंदणी करता येते, पण पुढच्या फेऱ्यांत एकीकडे प्रवेश घेतला की दुसरीकडचा मार्ग बंद होतो आणि अनामत रक्कमही अडकू शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की फेऱ्यांमधून बाहेर पडण्याचे नियम असलेले प्रकरण छापून घ्या. ती हातात आल्यावर काही अडले, तर याच धाग्यावर विचारा.